शेवग्याच्या मुळाची पांढरी चटणी

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे एकच वस्तू मागितली, आणि ती नेमकी आमच्या केडगावात मिळत नाही.

सासरे म्हणजे स्टेलाचे पपा. गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या, तेव्हापासून आम्ही त्यांना कोपरगावहून आमच्याकडे आणलंय. माणूस मूळचा खाणारा. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि दुसऱ्याला पथ्य सांगून स्वतः हवं ते खाण्याचा हक्क त्यांनी नोकरीभर बजावला. लग्नानंतर मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा जावयासाठी राखून ठेवलेली कोंबडीची तंगडी त्यांनी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता संपवली होती. असा माणूस आता ताटावर बसायचा, चतकोर भाकरी कुस्करायचा आणि "कशालाच चव नाही गं," म्हणून हात धुवायला उठायचा. स्टेलाने मटण केलं, मासवडी केली, शिपी आमटी केली. त्यांनी प्रत्येकाला "छान झालंय" म्हटलं आणि बाजूला सारलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. "पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर अवघड आहे," एवढंच ते म्हणाले. पपांच्या पट्ट्याला खिळा तापवून नवं भोक पाडायचं काम माझ्याकडे आलं. एक पाडलं, मग त्याच्या आत दुसरं. स्टेला ते बघायला थांबायची नाही.

तर एका दुपारी ताटाकडे बघत पपा म्हणाले, "स्टेला, नाताळला मिशनच्या बंगल्यावर एक पांढरी चटणी असायची बघ. नाकात जायची. गोऱ्या मॅडम हॉर्सरॅडिश म्हणायच्या तिला. ती मिळते का गं कुठं?"

स्टेलाची वाढती पळी तशीच राहिली. इतक्या महिन्यांत माणसाने पहिल्यांदा काहीतरी खायला मागितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. आता अशा वेळी गप्प बसावं ना? पण मी हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होतो. मुलं मला सर म्हणायची, शिक्षक म्हणायचे नाहीत, हा भाग वेगळा. पण विज्ञानाचा माणूस म्हणून मला अशा जागी बोलावंच लागतं. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? घरी करू."

हॉर्सरॅडिश म्हणजे मुळ्यासारखं एक झणझणीत विलायती मूळ, एवढं वाचून दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघालो. भाजी बाजारात मी त्या मुळाचं वर्णन केलं, तर बाईने मला मुळ्याची जुडी दिली आणि वर "आता चांगला येत न्हाई, पानं घ्या," असा सल्लाही दिला. मोठ्या चकचकीत दुकानातल्या मुलीने फ्रीज उघडून मेयोनीज काढलं. पांढरं आहे, चटणी आहे, मग अजून काय पाहिजे, असा तिचा चेहरा होता. मोबाईलवर मागवायला गेलो तर आमच्या पिनकोडला ही वस्तू पोचत नाही असं कळलं. आमच्या पिनकोडला पलंग पोचतो, वॉशिंग मशीन पोचतं, एक मूळ पोचत नाही. शेवटी माझ्या चुलतभावाने पुण्याहून कसलीशी हिरवी जपानी पेस्ट पाठवली. पपांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही दातांना लावायची का?"

इथे आमच्या समोरच्या घरातल्या राधाकृष्णांनी प्रवेश केला. राधाकृष्ण कृषी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. आपण फाटकाची कडी लावेपर्यंत त्यांचा पहिला सल्ला आत आलेला असतो. ते म्हणाले, "अहो फिलीपराव, इंग्रजांना तरी इथे ते मूळ कुठं मिळत होतं? ते शेवग्याचं मूळ किसून भागवायचे. इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिशचं झाडच म्हणतात. फक्त साल पूर्ण काढा, साल बाधते. आणि घ्यायचं ते चिमूटभर."

मी डॉक्टरांनाही फोन लावला. ते म्हणाले, साल काढून चिमूटभर खाल्लं तर काही होणार नाही, पण हे विचारणारे तुम्ही पहिलेच. मला तो गौरव वाटला.

आता शेवगा. आमच्या आणि शेजारच्या चांगुणावहिनींच्या घरांमध्ये एक बुटकी भिंत आहे आणि त्या भिंतीलगत, बरोबर हद्दीवर, शेवगा आहे. दारात शेवगा असला की घरात भांडणं होतात असं आमच्या गल्लीत सगळे मानतात. त्यामुळे एरवी ते झाड चांगुणावहिनींच्या मते आमचं असतं आणि आमच्या मते त्यांचं. शेंगा लागल्या की मात्र दोन्हीकडून हक्क सांगितला जातो. आम्ही ख्रिस्ती, आम्ही असलं काही मानत नाही, असं मी त्यांना अनेकदा सुनावलं आहे. पण झाड आमचं आहे असं मी अजून एकदाही कबूल केलेलं नाही.

मूळ काढायचं म्हणून मी रीतसर विचारायला गेलो. चांगुणावहिनी अंगणात जुनं लुगडं अंथरून मिरच्या वाळत घालत होत्या. एप्रिलचं ऊन, वर्षाच्या मसाल्याची तयारी. बाजूला धने, खोबरं, दगडफूल, सगळं परातींमध्ये मांडलेलं. त्या म्हणाल्या, "फिलीपभाऊ, मूळ घ्या, खोड घ्या, आख्खं झाड उचलून न्या. आमचं कुठं हाय ते?"

एवढं झाल्यावर घ्यायची की नाही कुदळ हातात? पण राधाकृष्णांनी रस्त्यावरूनच आवाज दिला, "परवानगी काढलीत का? वृक्षांचा कायदा आहे. उद्या झाड वाळलं तर तुमच्या नावावर केस."

मी एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, मला तिथे पुन्हा जावं लागतं. बाबूने विचारलं, "तोडायचंय?" म्हटलं, नाही. "छाटायचंय?" म्हटलं, तेही नाही, थोडंसं मूळ हवंय. त्याने चष्मा काढला. "कशाला?"

"चटणीला."

त्याने शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग दोघांनी विचार करून असा निर्णय दिला की त्यांचा विभाग जमिनीच्या वरच्या झाडाचा आहे, मूळ जमिनीच्या खाली येतं, आणि जमिनीखालचं सगळं पाणीवाल्यांकडे. शिवाय अर्जावर मी सवयीने अहमदनगर लिहिलं होतं, ते खोडून अहिल्यानगर करून आणायला सांगितलं. पाणीवाल्यांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "खड्डा किती?" म्हटलं, दोनेक फूट. ते हसले. "मग खुशाल खणा. आमची लाइन फार खोल आहे." मी म्हणालो, तसं लेखी द्या. ते म्हणाले, असं लेखी कुणी मागत नसतं. मी अपमान गिळून घरी आलो.

त्यांची लाइन एक फुटावर होती.

मी शेवग्याचं चांगलं मनगटाएवढं मूळ शोधून काढलं होतं आणि कुदळीचा शेवटचा घाव घालत होतो. नेमका आमच्या गल्लीचा पाणी येण्याचा दिवस, आणि पाणी येण्याचीच वेळ. आधी फुसफुस झाली. मग पाण्याची जाड धार उसळली, भिंतीवरून पलीकडे गेली आणि चांगुणावहिनींच्या मिरच्यांवर पडली. मी तळहाताने पाइप दाबून धरला, तर धार फाटून धन्यांच्या परातीकडे वळली. ओट्यावर बसलेले त्यांचे यजमान गहिनीनाथ, फार कमी बोलणारा माणूस, ते उठले, पाणी बघितलं आणि म्हणाले, "जोर चांगला हाय आज." गल्लीतल्या बायका रिकाम्या हंड्यांसह माझ्याभोवती उभ्या राहिल्या. राधाकृष्ण म्हणाले की त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी पाइपबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, पण चिखलात बसलेल्या माणसाने वाद घालू नये.

प्लंबर आला, पाइप जोडला गेला, मूळ माझ्या हाती आलं. चांगुणावहिनी मात्र बोलेनात. त्या बोलत असल्या की मला त्रास होतो, पण न बोलणाऱ्या चांगुणावहिनी मी कधी पाहिल्या नव्हत्या. ओल्या मिरच्या त्यांनी एकट्यानेच उचलल्या, पुन्हा पसरल्या. त्यातला वाटा पारनेरला दिलेल्या लेकीला, राजनंदिनीला, जायचा होता. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. मी भिंतीशी जाऊन म्हणालो, "वहिनी, वाळलं की मसाला डंकावरून मी कुटून आणतो. तुम्ही उन्हात जाऊ नका." त्या मिरच्या पसरता पसरताच म्हणाल्या, "आणा. पन नीट उभं राहून आणा. डंकवाला श्रीमंत लक्ष देत न्हाई."

इकडे मी मुळाची साल काढली, चांगली दोन-दोनदा तासली, पांढराशुभ्र गाभा काढला. वासानेच नाक झोंबत होतं, त्यामुळे आशा वाढली. किसणीवर ते किसेना, दोऱ्या निघाल्या. मग मिक्सरमध्ये टाकलं. मिक्सर घुर्र करून थांबला. मी पुन्हा बटण फिरवलं, तेव्हा त्याने काही आवाज न करता धूर सोडला. पात्याला दोऱ्यांची वेणी बसली होती. स्टेला दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, "पपांनी आज फक्त चहा घेतलाय." मिक्सरबद्दल ती बोललीच नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मिरच्या कडक वाळल्या, चांगुणावहिनींनी सगळं भाजून, तळून डबे भरले आणि मी ते स्कूटरला लावून डंकावर गेलो. ओल्या फडक्यात राखलेलं माझं उरलेलं मूळ बारीक तुकडे करून वेगळ्या डब्यात बरोबर घेतलं होतं. मिक्सरला जमलं नाही ते लोखंडी मुसळाला जमेल, हा माझा शास्त्रीय विचार.

डंकावर बायकांची रांग होती, सगळ्यांच्या तोंडाला पदर आणि ओढण्या. ज्यांनी मसाला कुटून आणलाय त्यांना माहीत आहे की तिथे कुणाच्या मागून कुणाचं टाकायचं याला फार महत्त्व असतं. गिरणीतसुद्धा आपण बाजरीवर गहू टाकू देत नाही, मालकाशी भांडतो. आमच्या आईने तर जोंधळ्यावर बाजरी टाकली म्हणून पीठ परत दिलं होतं. हे संस्कार रक्तात. माझा नंबर आला तेव्हा श्रीमंतने हळदीनंतर उखळ पुसून स्वच्छ केलेलं होतं आणि तो म्हणाला, "मसाला टाका." मी म्हणालो, "थांब. आधी माझं हे पांढरं टाक. मसाल्यावर टाकलं तर लाल होईल. मला पांढरी चटणी करायचीय."

श्रीमंतला ते लगेच पटलं. रांगेतल्या बायकांनाही पटलं. एक आजीबाई तर म्हणाल्या, "बापय मानूस असून समज हाय." त्या क्षणी माझी मान किती ताठ झाली ते मी आता सांगत नाही. पांढरं आधी, लाल मागून, यात चूक काढणारा माणूस नगर जिल्ह्यात सापडणार नाही.

ओलसर मूळ मुसळाखाली गेलं आणि उखळाच्या भिंतीला, तळाला, मुसळाच्या टोकाला चिकटलं. श्रीमंतने चमच्याने खरवडून मला दोन चमचे करडा चोथा दिला. "बाकीचं?" मी विचारलं. "बाकीचं आता मसाल्याबरोबर सुटंल," तो म्हणाला, आणि चांगुणावहिनींचा पहिला घाणा त्यात ओतला. मला काहीतरी खटकलं, नाही असं नाही. पण मी वहिनींनी सांगितल्याप्रमाणे नीट उभा राहून लक्ष देत होतो, आणि मसाला सुरेख उतरत होता. रंग तर असा की बघत राहावं.

त्या दोन चमच्यांत मी दह्याचा चक्का घातला, व्हिनेगर घातलं, मीठ घातलं. स्टेलाने नवी काचेची वाटी काढली. जेवायच्या वेळी आम्ही ती पपांसमोर ठेवली आणि दोघेही उभे राहिलो. पपांनी बोटाने चाटलं.

"छान झालीय," ते म्हणाले आणि वाटी बाजूला सारली.

मी नंतर चाखली. आंबट दह्यात सुतळीचे तुकडे घातल्यासारखी लागत होती. खरा जोर होता तो सगळा उखळात राहिला होता. पाइप फुटला, मिक्सर गेला, गल्लीत हसं झालं, त्याचं मला इतकं काही वाटलं नव्हतं. पण ते "छान झालीय" ऐकून मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याने आमचं मन राखलं होतं. त्या रात्रीही ते तसेच झोपले, आणि मी आणि स्टेला भांडी आवरत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक धाडकन उघडलं. चांगुणावहिनी एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात फडक्यात भाकऱ्या घेऊन आत आल्या. त्यांचे डोळे लाल, नाक लाल.

"फिलीपभाऊ, काय कालवलंय तुमी माझ्या मसाल्यात?"

मी म्हणालो, "का, काय झालं?"

"काय झालं इचारता? आमच्या ह्यांना न्याहारीला नवा मसाला दह्यात कालवून दिला, भाकरीसंगं. मानूस एक घास खाऊन उठला, जाऊन पायरीवर बसलाय, तो अजून बोलंना."

"ते तसेही फार बोलत नाहीत," मी म्हणालो. हे मी बोलायला नको होतं.

"आता तुमीच खा," असं म्हणून त्यांनी वाटी टेबलावर आदळली, भाकरीचा तुकडा मोडला, त्यात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. "खा. वर्साचा मसाला हाय माझा. लेकीला काय पाठवू मी, सांगा."

मी खाल्ला. आधी मसाला लागला, चांगला खमंग. मला वाटलं, उगीच बोभाटा करतात बायका. आणि मग ते आलं. जिभेवर नव्हे, नाकाच्या मुळाशी. तिथून ते सरळ कपाळात गेलं आणि डोळ्यांवाटे बाहेर पडायला लागलं. मी टेबल धरून उभा राहिलो. मला फक्त "ह्या" एवढंच म्हणता आलं. स्टेला पाणी घेऊन धावली, काय झालं म्हणून तिनेही बोट बुडवून चाखलं, आणि तांब्या खाली ठेवून पदरात तोंड घातलं.

"बघितलं?" चांगुणावहिनी म्हणाल्या. "बघितलं ना आता?"

तेवढ्यात मला दिसलं की वाटी टेबलावर नाहीये.

पपांनी ती आपल्याकडे ओढून घेतली होती. फडक्यातली भाकरी काढून ते खात होते. घास बुडवायचा, तोंडात घालायचा, डोळे घट्ट मिटायचे, मान हलवायची, नाक ओढायचं, आणि पुन्हा बुडवायचा. चांगुणावहिनी "आजोबा, नका, बाधंल," म्हणून पुढे झाल्या, तर त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. अर्धी भाकरी गेली. मग उरलेली अर्धी. गालांवरून पाणी वाहत होतं, ते हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होतं आणि ते पुसतही नव्हते.

स्टेला हळूच म्हणाली, "पपा, हीच का ती चटणी?"

"छे," पपा म्हणाले. "ती मला कधी आवडलीच नाही."

स्टेलाने खाली ठेवलेला तांब्या उचलून त्यांच्यापुढे सरकवला.

"तुझ्या मम्मीने खाल्ली होती," ते म्हणाले. "नवी नर्स म्हणून आली होती ती दवाखान्यात. नाताळचं जेवण बंगल्यावर. तिला वाटलं श्रीखंड आहे. चमचाभर घेतलं की तोंडात." ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "एवढी रडली, एवढी रडली. आणि मॅडमसमोर थुंकायची चोरी. मी माझा रुमाल दिला. तो तिने परत दिलाच नाही, लग्नातच आणला." त्यांनी दोन्ही हातांनी वाटी धरली. "माझी दया गेली त्या दिवशी मला रडूच आलं नाही गं स्टेला. सगळे रडत होते. मी खुर्च्या मोजत होतो. तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं बघ. खाली काही उतरतच नव्हतं."

आणि मग ते रडले. मसाल्याचं नव्हे, खरं रडले, खांदे हलवून, लहान पोरासारखे. स्टेला त्यांच्या पायाशी फरशीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तीही रडली. आईसाठी ती एकटीच रडत आली होती इतके दिवस, बाथरूममध्ये नळ सोडून. मला ते माहीत होतं आणि मी कधी काही म्हटलं नव्हतं.

भांडायला आलेल्या चांगुणावहिनी तशाच उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, पण पदराला मसाला लागलेला, त्यामुळे ते आणखी वाहायला लागले. पपांनी फडकं चाचपून पाहिलं. ते रिकामं होतं.

"भाकरी आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

स्टेला उठायला लागली, तर चांगुणावहिनींनी तिला खांदा दाबून खाली बसवलं. "तू बस बापाजवळ," त्या म्हणाल्या आणि चपला काढून आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांनी ओट्यावरची परात घेतली, गॅस पेटवला, तवा टाकला आणि मला हाक मारली.

"फिलीपभाऊ, बाजरीचं पीठ कुठल्या डब्यात हाय?"

मी आत जाऊन फळीवरचे डबे एकामागून एक उघडत राहिलो, पण डोळ्यांतल्या पाण्याने मला कुठल्या डब्यात काय आहे ते दिसत नव्हतं.